ठेकेदारापासून आकडा का लपवता?

कापडाचा व्यापारी माल उचलताना तागा उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, कडेचा धागा ओढून पाहतो आणि मीटरमागे एका रुपयासाठी अर्धा तास घासाघीस करतो. हा त्याचा गुणच आहे, त्यावरच दुकान चालते. परंतु हाच माणूस वीस-पंचवीस वर्षांची कमाई घालून घर बांधायला निघतो, तेव्हा ठेकेदाराशी पहिली बोलणी एका चहावर उरकतो. "फुटाला काय पडेल?" असे हा विचारतो. "इतके पडतील, भाईजान. तुमचे म्हणजे घरचेच काम," असे तो सांगतो. त्यातून पन्नास-शंभर कमी करून घेतले की आपण जिंकलो असे वाटते आणि पुढच्या आठवड्यात पाया खणायला सुरुवात होते.

रत्नागिरी जिल्ह्यात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. सिमेंट आणि सळई नेण्यासाठी घरमालक माझ्याकडे येतात, तसे ठेकेदारही येतात. त्यामुळे कोणाचे कुठे अडले ते दोन्ही बाजूंनी कानावर पडते. कोकणातल्या आपल्या कोणत्याही मोहल्ल्यात चक्कर मारली तर अर्धवट राहिलेले एखादे तरी घर दिसतेच. स्लॅब पडलेला आहे, पण चिऱ्याच्या भिंतींना गिलावा नाही, खिडक्यांना पत्रे ठोकले आहेत, वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजत उभ्या आहेत. मालक बेरोजगार झाला म्हणून असे होते, असा आपला समज असतो. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत मालकाची कमाई चालूच होती. घोटाळा पहिल्या बैठकीतच झालेला होता.

आपली बाजारातली सवय अशी की खिशात किती आहे ते समोरच्याला कळू द्यायचे नाही. बाजारात ते बरोबरच आहे, कारण तिथे माल समोर असतो, भाव तेवढा ठरवायचा असतो. घराचे तसे नाही. घर अजून अस्तित्वातच नसते. खोल्या किती, भिंत चिऱ्याची की विटेची, फरशी कोणती, दरवाजे सागाचे की फायबरचे, हे सगळे आकड्यावरून ठरायचे असते. तो आकडाच लपवला तर ठेकेदार काम हातातून जाऊ नये म्हणून कमीत कमी दर सांगतो, आणि त्या दरात काय बसते हे कोणीच बोलत नाही. पुढे काम निम्म्यावर आले की "हे त्यात नव्हते" असे प्रत्येक आठवड्याला ऐकावे लागते. त्या वेळी मालकाचा हात दगडाखाली असतो. अर्धे घर सोडून तो जाणार कुठे?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या भेटीत ठेकेदाराला आपला आकडा सांगावा आणि "फुटाला काय?" याऐवजी "एवढ्यात काय काय बसेल?" असे विचारावे.

यावर व्यापारी बांधवांचा आक्षेप मला माहीत आहे. आकडा सांगितला की तो शेवटच्या पैशापर्यंत लावील. ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय असा की मनात दोन आकडे ठेवावेत. एकूण रकमेतला निदान दहावा भाग बाजूला काढावा आणि त्याचा उल्लेख कोणाकडेही करू नये. ठेकेदाराला उरलेला आकडा सांगावा. शिवाय एकच नकाशा आणि एकच यादी दोन-तीन ठेकेदारांपुढे ठेवावी. एकाच यादीवर तिघांचे भाव आले की कोण कुठे फुगवतो आणि कोण कुठे लपवतो ते दुकानदाराला शिकवावे लागत नाही.

परंतु सांगायला आधी आपल्याकडे आकडा असला पाहिजे, आणि खरा कस इथेच लागतो. व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज न घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तेव्हा घराचा पैसा येतो तो शिलकीतून, आखातातून येणाऱ्या हप्त्यांतून आणि नातेवाइकांच्या उसनवारीतून. यांपैकी हातात असलेला पैसा तेवढा आज धरावा. आखातातून दरमहा येणारी रक्कम ही पुढच्या टप्प्यासाठी. मामूंनी किंवा मेव्हण्याने "लागले तर सांग" असे म्हटले असेल, तर तो आधार आहे, रक्कम नव्हे. घरातल्या बाईचे दागिने आणि मेहर ही तिची मालमत्ता आहे. तिला विचारल्याशिवाय ती हिशेबात धरण्याचा आपल्याला अधिकारच नाही. आणि दुकानातले भांडवल तर मुळीच धरू नये. स्लॅबसाठी म्हणून गल्ल्यातून "तात्पुरते" काढलेले पैसे परत गल्ल्यात आलेले मी क्वचितच पाहिले आहेत. ईदच्या तोंडावर माल भरायला पैसा नसतो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि ज्या धंद्याच्या जोरावर घर बांधायला घेतले तो धंदाच आटतो.

आता फुटाच्या दराकडे वळू. समजा, हिशेबापुरता दर 2000 रुपये धरला. मालकाच्या मनात खोल्यांची आतली जागा असते, 1000 चौरस फूट. त्याने 20 लाखांचा हिशेब बांधला. ठेकेदार मोजतो स्लॅब. त्यात भिंतींची जाडी आली, जिना आला, पोर्च आला, गॅलरी आली. ते होतात 1300 फूट, म्हणजे 26 लाख. यात ठेकेदाराने लबाडी केली असे म्हणता येत नाही, त्याच्या धंद्यात मोजमाप तसेच आहे. पण सहा लाखांचा फरक पहिल्या बैठकीत एका प्रश्नाने कळला असता. दर कशावर धरला, आतल्या जागेवर की स्लॅबवर? छज्जा आणि गच्चीवरचा कठडा त्यात मोजला की नाही?

दुसरा प्रश्न दरात काय नाही याचा. कंपाउंड, गेट, शौचालयाची टाकी, पाण्याची टाकी, विहीर किंवा बोअर, विजेचा मीटर, जोत्यातली मातीची भराई, हे बहुधा फुटाच्या दरात नसते. जुनी घरे पाडून त्याच जागी बांधणाऱ्यांना पाडकामाचा आणि डबर वाहून नेण्याचाही खर्च आहे. ही यादी मालकाने स्वतः लिहून न्यावी आणि प्रत्येक नावापुढे "आत" की "बाहेर" हे ठेकेदाराच्या तोंडून वदवून घ्यावे. खरे म्हणजे ही बैठक चहाच्या टेबलावर न होता जागेवरच झाली पाहिजे. जागा कातळावर असेल तर खणाई महाग पडते, पण पाया फार खोल न्यावा लागत नाही. भाताच्या खाचरात भराव टाकून बांधायचे असेल तर पाया आणि भराई यांतच मोठी रक्कम जाते. आपल्या जुन्या मोहल्ल्यांतल्या गल्ल्या अरुंद, ट्रक दारापर्यंत जात नाही. मग चिरा, खडी, सिमेंट सगळे डोक्यावरून वाहायचे, आणि ती मजुरी कोणाच्या खात्यावर हा वाद हमखास होतो.

सामान कोणाचे, हेही त्याच दिवशी ठरावे. गावातच दुकान असणाऱ्याने, ज्याला दिवसातून दोनदा जागेवर जाता येते त्याने, मजुरीचा ठेका द्यावा आणि माल स्वतः घ्यावा असे मी म्हणेन. मी हार्डवेअरवाला असल्याने हे माझ्या फायद्याचे बोलणे वाटेल, वाटू द्या. ढोबळ अंदाज असा की कॉलम-बीमच्या घराला चौरस फुटामागे सुमारे 0.4 गोणी सिमेंट आणि चार किलोच्या आसपास लोखंड लागते. म्हणजे 1300 फुटांना 520 गोण्या आणि पाच टनांवर सळई. चिऱ्याच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकला तर लोखंड कमी लागते. सळई वजनावर तपासता येते. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वरच भरली पाहिजे. रेती आणि खडी ब्रासवर येते, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा ट्रकचा हौदा टेपने मोजायला लाजू नये. रेती कुठली तेही विचारावे. खाडीची रेती खारी असते आणि ते मीठ आतल्या सळईला खाते. स्वस्त दराचे गुपित कधी कधी त्या रेतीत असते.

जीएसटीचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. एकट्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी नाही. सामानासह ठेका असेल आणि ठेकेदार नोंदणीकृत असेल तर सर्वसाधारणपणे 18 टक्के लागतो. तो दरात धरला आहे की वर लागणार, हे आधीच विचारावे. सिमेंटवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचा जुना भाव कोणी पुढे केला तर तो नव्याने मांडायला सांगावा.

या पानाच्या वाचकांत स्वतः ठेका घेणारे मिस्त्री, सुतार आणि फरशीवाले बांधवही आहेत, त्यांना यात आपल्यावर संशय घेतल्यासारखे वाटेल. वास्तविक तोंडी व्यवहारात त्यांचेही नुकसान कमी होत नाही. मालकाने मध्येच भिंत हलवायला सांगितली, हलवली, आणि हिशेबाच्या वेळी "मी कधी सांगितले?" असे ऐकून घेतलेले मिस्त्री माझ्या दुकानाच्या बाकावर बसून गेले आहेत. देवघेव लिहून ठेवण्याबद्दल कुरआनातील सूरह बकराच्या 282 व्या आयतीत किती तपशिलाने सांगितले आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तरी जातभाईकडून कागद मागणे म्हणजे त्याचा अपमान, ही समजूत आपल्यात कुठून आली कोणास ठाऊक!

सर्वांत अवघड स्थिती आखातात असलेल्या भावांची. ते पैसे पाठवतात, जागेवर म्हातारे वडील असतात, आणि ठेकेदार "चाचा, पुढचा हप्ता सांगा मुलाला" म्हणून दारात उभा राहतो. चाचांना नाही म्हणणे जमत नाही. अशांनी मजुरीच्या ठेक्याच्या नादी लागू नये. सामानासह द्यावा, पण हप्ता महिन्यावर न ठेवता कामावर ठेवावा. जोते झाले की इतके, स्लॅब पडला की इतके, गिलावा झाला की इतके. पहिली बैठक सुट्टीत आले असताना, वडिलांना शेजारी बसवून घ्यावी, म्हणजे काय ठरले ते त्यांनाही ठाऊक राहते. आणि जिथे पैसा संपेल असे वाटते तो टप्पा आधीच ठरवावा. तळमजला गिलावा-फरशीसह पूर्ण करून राहायला जाणे, हे दोन मजल्यांचा सांगाडा उभारून भाड्याच्या घरात राहण्यापेक्षा कितीतरी बरे. वरच्या मजल्याचा भार पाया पेलेल एवढी सोय मात्र सुरुवातीलाच करून घ्यावी लागते, तिचा खर्च त्याच दिवशी विचारावा.

शेवटची बाब रोखून ठेवायच्या रकमेची. एकूण रकमेचे पाच टक्के तरी एक पावसाळा जाईपर्यंत द्यायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगावे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गच्ची कशी केली आणि खिडकीच्या छज्ज्याखाली ओल येते का, याचा निकाल जुलैतच लागतो. चांगला ठेकेदार या अटीला हरकत घेत नाही, फार तर तीन टक्क्यांवर आणतो.

ही सारी बोलणी श्रावण-भाद्रपदात सुरू करावी. पावसामुळे कामे थांबलेली असतात, ठेकेदाराला बसून बोलायला वेळ असतो. त्याच्या तोंडचे आकडे आपल्या यादीवर लिहून घ्यावेत, त्याची सही घ्यावी आणि त्या दिवशी बयाणा न देता घरी यावे. आठ-पंधरा दिवसांनी उत्तर दिले तरी दिवाळीनंतर पाया सुरू होऊ शकतो आणि 7 जूनच्या मृगाआधी स्लॅब पडतो.