बाहीखाली ऊन नसतं!

पावसाळी ट्रेकला मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी सॅकच्या तळाशी. मग अख्खा ग्रुप ‘किती वाजले रे?’ करत हरिश्चंद्रगड उतरताना अंधारात सापडतो. मनगटावर घड्याळ हवंच. सेल बदलायची कटकट नको असेल तर सोलर घ्या, पण बघून. ‘30 मीटर’ लिहिलेलं घड्याळ फक्त शिंतोडे झेलतं. धबधब्याखाली उभे राहणार असाल तर किमान 100 हवं. जी-शॉकचं 200 असतं.

रेडिओ सिग्नलवरून वेळ जुळवणाऱ्या मॉडेलसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. कॅसिओची घड्याळं ज्या केंद्रांचा सिग्नल पकडतात ती जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत आहेत. भारतात एकही नाही. त्या पैशांत बरे बूट येतील.

माझं घड्याळ उन्हाळाभर कपाटात होतं, पावसाळ्यात रेनकोटच्या बाहीखाली. ऐन ट्रेकला डिस्प्ले कोरा! आता ते खिडकीत असतं. ढगाळ उजेडातही हळूहळू चार्ज होतं.

आणि परतीच्या वेळेचा अलार्म पायथ्यालाच लावा. तो वाजला की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरायचं. आमच्या ग्रुपमध्ये यावरून दर वेळी भांडण होतं, होऊ दे.