तडजोडीची थोरवी

अमेरिकेतील यादवी युद्धाची गोष्ट निघाली, की सुशिक्षित मंडळींत एक मत हटकून ऐकू येते. हेन्री क्ले, डॅनियल वेब्स्टर यांच्यासारखे समंजस मुत्सद्दी होते तोवर गुलामगिरीच्या प्रश्नावर तडजोडी होत राहिल्या व राष्ट्र टिकले. ते गेले, उतावळी माणसे पुढे आली, आणि सहा लक्षांहून अधिक माणसांचा बळी पडला, असे ते मत. त्यास विद्वानांचा आधारही आहे. जे. जी. रँडल या इतिहासकाराने १९४० साली त्या सबंध पिढीसच घोडचुका करणारी पिढी ठरवून युद्ध टाळता आले असते असे प्रतिपादिले. आम्हांस हे मत चुकीचे वाटते. इतकेच नव्हे, तर त्यात एक मोठा अन्याय दडलेला आहे असे वाटते.

तडजोडीवाचून संसार चालत नाही, हे कोण नाकारील? क्ले यानेच १८३३ साली जकातीच्या दरांवरून दक्षिण कॅरोलायना व मध्यवर्ती सरकार यांत पेटू पाहणारे भांडण मिटविले, ते उत्तमच केले. जकात ही वाटून घेता येण्याजोगी वस्तू. थोडे याने सोडावे, थोडे त्याने. परंतु देणारा जेथे पदरचे काहीच देत नाही, तेथे तडजोड कसली? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यास औदार्य लागत नाही. गुलामगिरीविषयी ज्या ज्या तडजोडी झाल्या, त्यांच्या बैठकीस उत्तरेचे गोरे होते आणि दक्षिणेचे गोरे होते. ज्याच्या देहाचा व बायकामुलांचा सौदा चालला होता, तो कापसाच्या शेतात राबत होता. १७८७ च्या राज्यघटनेतच हा पायंडा पडला. राज्यांच्या प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरावीत, असे ठरले. मत मात्र त्यांतील एकासही नाही. म्हणजे पदरी गुलाम जितके अधिक, तितके धन्यांचे कायदेमंडळातील वजन अधिक!

१८१९ साली न्यू यॉर्कचा प्रतिनिधी जेम्स टॉलमॅज याने, मिसूरीस राज्याचा दर्जा देताना तेथे नवे गुलाम आणू नयेत व पुढे जन्मणाऱ्या मुलांस पंचविसाव्या वर्षी मुक्त करावे, अशी अत्यंत सौम्य सूचना मांडली होती. ती सेनेटात बारगळली आणि तिच्या जागी १८२० ची प्रसिद्ध तडजोड आली. मिसूरी गुलामांचे राज्य, मेन मुक्त राज्य, आणि पश्चिमेकडील उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० कलांच्या रेघेच्या उत्तरेस गुलामगिरी नाही. गंमत अशी, की खुद्द मिसूरी या रेघेच्या उत्तरेसच आहे. रेघ आखतानाच ती एकदा मोडून झाली होती!

ही नकाशावरची वाटणी म्हणजे केवळ मानापमानाचा प्रश्न होता, असे काही लेखक भासवितात. तसे मुळीच नाही. कापूस जसजसा पश्चिमेकडे सरकला, तसतशी अलाबामा, मिसिसिपी, टेक्सस येथे माणसांस मागणी वाढली, व व्हर्जिनिया-मेरिलंडकडील जुन्या जमीनदारांस ही माणसांची विक्री किफायतीची झाली. १७९० पासून १८६० पर्यंत सुमारे १० लक्ष गुलाम अशा रीतीने आपली मुळे तोडून नव्या मुलखात नेण्यात आले. कोणाचा नवरा मागे राहिला, कोणाचे मूल. १८२० साली देशात सुमारे १५ लक्ष गुलाम होते, १८५० साली ३२ लक्ष आणि १८६० साली साडेएकोणचाळीस लक्ष. तडजोडींच्या चाळीस वर्षांतील जमाखर्च तो हा.

१८५० ची तडजोड या कलेचा कळस मानली जाते. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. मेक्सिकोकडून जिंकलेल्या इतर मुलखाचा निर्णय तेथील वस्तीवर सोपविला. टेक्ससला सरहद्दीवरील हक्क सोडण्याबद्दल एक कोट डॉलर मिळाले. राजधानीत गुलामांचा व्यापार बंद झाला, गुलामगिरी मात्र राहिली. आणि दक्षिणेच्या पदरात पडला तो पळालेल्या गुलामांविषयीचा कडक कायदा. त्याची कलमे वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावीत. धनी किंवा त्याचा हस्तक उत्तरेत येऊन अमुक इसम आपला गुलाम आहे असे सांगे. त्या इसमास स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मनाई, ज्यूरीही नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरास, इसम गुलाम ठरविल्यास दहा डॉलर फी आणि सोडून दिल्यास पाच डॉलर! जादा पाच डॉलर हे कागदपत्रांच्या श्रमाबद्दल आहेत, असे समर्थन करण्यात आले. पळणारास आसरा देईल त्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद. शिवाय अंमलदाराने हाक मारली, तर वाटेवरच्या कोणाही नागरिकाने पाठलागास गेले पाहिजे. मॅसॅच्युसेट्सचा वेब्स्टर ७ मार्च १८५० रोजी सेनेटात या तडजोडीच्या बाजूने उभा राहिला, आणि पुढे परराष्ट्रमंत्री होऊन याच कायद्याच्या अंमलासाठी झटला. त्याचे वक्तृत्व आम्ही विद्यार्थिदशेत आदर्श म्हणून वाचले; त्या वक्तृत्वाने काय साधले, हे कोणी शिकविले नाही.

जून १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या तरुणास बॉस्टनच्या रस्त्यांतून लष्करी पहाऱ्यात बंदराकडे नेले, तेव्हा घरांवर काळी कापडे लटकत होती व हजारो लोक दुतर्फा उभे होते. गुलामगिरी ही दक्षिणेची घरगुती बाब आहे, असे मानणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दारावरून ती त्या दिवशी चालत गेली.

आणि एवढी किंमत देऊन विकत घेतलेली शांतता टिकली किती? चार वर्षे. १८५० ची विधेयके ज्याने चातुर्याने पार पाडली, त्याच स्टीफन डग्लसने १८५४ साली कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा आणून १८२० ची रेघ पुसून टाकली. दक्षिणेने आपला अर्धा वाटा, म्हणजे मिसूरी, चौतीस वर्षे उपभोगला. उत्तरेच्या वाट्याची वेळ येताच करार रद्द! कॅन्ससमध्ये मार्च १८५५ च्या निवडणुकीत मतदार होते २,९०५ आणि मते पडली सहा हजारांवर. बाकीची मिसूरीतून सरहद्द ओलांडून आली होती. पुढे तेथे रक्त सांडले, तेव्हा दोष मात्र ‘माथेफिरूं’वर आला. १८५७ साली ड्रेड स्कॉटच्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी याने तर अशी रेघ आखण्याचा काँग्रेसला अधिकारच नव्हता असा निकाल दिला.

तडजोडवाद्यांच्या बाजूने एकच युक्तिवाद आम्ही विचारार्ह मानतो. या दिरंगाईमुळे उत्तरेस वेळ मिळाला. तिची लोकसंख्या, कारखाने, आगगाड्या वाढल्या, आणि म्हणूनच पुढे तिला जय मिळाला. हे बव्हंशी खरे आहे. परंतु हे फळ क्ले-वेब्स्टर यांनी इच्छिले नव्हते. त्यांस तो प्रश्न जिंकावयाचा नव्हता, गप्प करावयाचा होता. शिवाय तो वेळ आला कोणाच्या आयुष्यातून? मिसूरीच्या तडजोडीच्या वर्षी जन्मलेली गुलाम स्त्री युद्ध संपले तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. ज्यांस उतावळे म्हणून हिणविले जाते, त्यांची किंमत आमच्याकडे जोतीराव फुल्यांनी बरोबर ओळखली होती. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन सज्जनांस अर्पण केले, मिटवामिटव करणाऱ्यांस नव्हे.

लिंकन हा काही उतावळा नव्हता. दक्षिणेची राज्ये फुटू लागली असता क्रिटेंडनने १८६० च्या डिसेंबरात जुनी रेघ थेट पॅसिफिकपर्यंत नेण्याची व पुढे मिळेल त्या मुलखासही लावण्याची योजना मांडली. ती लिंकनने साफ नाकारली, आणि नाकारले ते नेमके गुलामगिरीच्या विस्तारास. आहे त्या राज्यांत तिला हात लावण्याची त्याची तयारी तेव्हा नव्हती. २ मार्च १८६१ रोजी काँग्रेसने घटनादुरुस्तीचा एक ठराव मंजूर केला: राज्यांतील गुलामगिरीत मध्यवर्ती सरकारने कधीही ढवळाढवळ करू नये. दोन दिवसांनी अध्यक्षपद स्वीकारताना त्यासही आपली हरकत नाही, असे लिंकनने सांगितले. काही राज्यांनी त्यास मान्यताही दिली. तेवढ्यात एप्रिलमध्ये तोफा सुरू झाल्या. पुरेशी मान्यता मिळती, तर अमेरिकेच्या घटनेची तेरावी दुरुस्ती ती हीच असती. १८६५ साली जी तेरावी दुरुस्ती खरोखर झाली, तिने गुलामगिरी नष्ट केली. पहिला ठराव काँग्रेसने मागे घेतलेला नाही. कागदोपत्री तो आजही राज्यांच्या मान्यतेची वाट पाहत पडून आहे.