शिगेची पायली

पुण्याहून सुनेचा फोन : "आई, पाव किलो कणीक म्हणजे किती वाट्या?" मी विचारलं, "तुझी वाटी केवढी?" पेच तिथंच आहे. वजन एक, आकारमान दुसरं. लिटरच्या डब्यात पाणी किलोभर मावतं, तांदूळ सुमारे 800 ग्रॅम, तुसासकट धान 600च्या आतबाहेर आणि चाळलेली कणीक जेमतेम अर्धा किलो. तीच कणीक डबा आपटून, दाबून भरली की आकडा बदलला! आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे सिंदेवाही-नागभीडपासून आरमोरी-वडशापर्यंत, धानाचा हिशोब खंडी-पायलीचा, म्हणजे वजनाचा नव्हे, मापाचा. 1956च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर किलो आला, आधारभूत खरेदीला क्विंटल आला, पण जुन्या माणसांच्या तोंडून पायली गेली नाही. किलोच्या आधीचा शेर तर वजनाचाही आणि मापाचाही, म्हणजे भांडणाला जागा तयारच. त्यात शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढवलेली रास. घेताना शीग लावून घ्यायचं, देताना हात फिरवून सपाट द्यायचं, हा व्यापाऱ्यांचा जुना खेळ. मोहफुलात तो आणखी रंगतो : ताजं फूल रसानं जड, वाळलं की मनुक्यासारखं आकसतं, पायली तीच, वजन वेगळं. असो. सुनेला म्हटलं, "रिकामी वाटी काट्यावर ठेव, मग पाणी भर, जितके ग्रॅम वाढतील तितके मिलिलिटर." ती म्हणाली, "आई, काटा असता तर कणीकच नसती का मोजली?"