जमिनीचा भाव आणि गिरणगावाचे जिणे

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या, सामायिक संडासाच्या रांगेत रोज उभ्या राहिलेल्या माणसांना पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळाले. याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार कोणाही पुरोगाम्याला नाही. चाळीतल्या शेजारधर्माचे गोडवे गाणारे बहुतेक लोक स्वतः चाळीत राहत नाहीत. तेव्हा जुनी चाळ चांगली की नवा टॉवर चांगला, हा वाद निरर्थक आहे. खरा प्रश्न असा की, जमिनीच्या ज्या भावाच्या जोरावर हे घर उभे राहिले, तो भाव त्या घरातल्या माणसाला तेथे किती दिवस नांदू देणार आहे?

या चाळींचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली सरकारने मुंबई विकास खाते स्थापन केले. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, येथे मिळून या खात्याने २०७ चाळी बांधल्या. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून त्यासाठी पैसा उभारला गेला. परकीय सरकारला कामगारांचा कळवळा आला होता असे मानण्याचे कारण नाही. भोंगा वाजताच कामावर हजर होणारा कामगार गिरणीच्या जवळ राहणे ही भांडवलाचीच गरज होती. पण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कामगारांसाठी सरकारने स्वतः घरे बांधावीत, त्यासाठी धंद्यावर कर बसवावा आणि ती घरे विकून न टाकता भाड्याने द्यावीत, या तिन्ही गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहतवादी सरकारलाही अशक्य वाटल्या नव्हत्या.

गिरणगावातले जिणे स्वस्त खोलीच्या पायावर उभे होते. कोकणातल्या वा घाटावरच्या एकेका गावाच्या नावाने गाळा घेतलेला असे. त्यात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने राहत. एक जण कामावर गेला की त्याच्या पथारीच्या जागी दुसरा येऊन आडवा होई. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्या खानावळवाल्या बाया करीत. या बायांची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. खोलीचे भाडे कमी म्हणून खानावळीचा दर कमी, आणि खानावळीचा दर कमी म्हणून तुटपुंज्या पगारातूनही गावी मनीऑर्डर जाई. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्याचा लाभ भाडेकरूला झाला, तसाच गिरणीमालकालाही झाला. कामगाराचे घरभाडे कमी राहिल्याने पगारवाढीचा तेवढा दाब त्याच्यावरून टळला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची आहे हे मालकांच्या ध्यानात आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने या जमिनीची वाटणी स्थूलमानाने तीन हिश्श्यांत ठरवली होती: एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि सगळ्या जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेली मोकळी जागा वाटणीस पात्र ठरली. सुमारे सहाशे एकरांच्या व्यवहारात लोकांच्या हाती तुकडे तेवढे उरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानेही २००५ साली पाच गिरण्यांच्या जमिनी बोली लावून सुमारे दोन हजार कोटींना विकल्या. ज्याने भाव आवरायचा, तोच लिलावात हातोडा घेऊन उभा राहिला!

बिल्डर आणि त्यांचे पंडित सांगतात की, चटई क्षेत्र वाढवून द्या, म्हणजे घरांचा पुरवठा वाढेल आणि भाव आपोआप उतरतील. परळ-लालबागमध्ये पंचवीस वर्षे हाच प्रयोग चालला आहे. मजल्यांवर मजले चढले, पण भाव काही सामान्य माणसाच्या आवाक्यात आले नाहीत. याचे कारण रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वीच उलगडले होते. खंड चढल्यामुळे धान्य महाग होत नाही. धान्य महाग झाल्यामुळे खंड चढतो. घराचेही तसेच आहे. सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचा खर्च परळला आणि बदलापूरला फारसा वेगळा नसतो. फरक पडतो तो जमिनीत. श्रीमंतांतला श्रीमंत ग्राहक जितकी किंमत मोजू शकतो, तिच्यातून बांधकामाचा खर्च आणि बिल्डरचा नफा वजा केला की उरलेले सारे जमिनीच्या भावात जाऊन बसते. चटई क्षेत्र दुप्पट केले की जमिनीच्या त्याच तुकड्याचा भाव तेवढा वर जातो. ही वाढ जमीनमालकाने घाम गाळून मिळवलेली नसते. रेल्वे, पाण्याची नळवाहिनी, रस्ते, इस्पितळे आणि लाखो माणसांचे श्रम यांनी ती निर्माण केलेली असते. ती समाजाची कमाई आहे आणि ती खाजगी तिजोरीत जाते.

या भावाची झळ घर विकत घेणाऱ्यालाच लागते असे नाही. फुकट घर मिळालेल्यालाही ती लागते. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक आणि रंगरंगोटी यांचा देखभाल खर्च दरमहा हजारांत जातो. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेखाली किमान पेन्शन २०१४ साली ठरवण्यात आले ते १,००० रुपये. अशा पेन्शनवर जगणारा म्हातारा कामगार तो खर्च कशातून भागवणार? पुनर्विकासाचा निधी पुरेल तितकी वर्षे ढकलली जातील. पुढे मुलगे विचार करतील की, हे घर विकले तर डोंबिवलीला दोन घरे येतील. हिशेबाच्या दृष्टीने ते चुकीचेही नाही. पण त्याबरोबर तळमजल्यावरची पिठाची गिरणी जाते, फळकुटावर भाजी मांडणारी बाई जाते, पोळीभाजीचे डबे करणारी विधवा जाते, कारण त्यांचे गिऱ्हाईक गेलेले असते आणि त्यांच्या जागी मोटारी उभ्या राहिलेल्या असतात. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे तेहतीस लाखांवरून एकतीस लाखांच्याही खाली आली, तर त्याच काळात ठाणे जिल्ह्याची एक-तृतीयांशाहून अधिक वाढली. कोणालाही पोलिसांनी हाकलले नाही. किमतीने हाकलले.

जे गिरणीत राबले त्यांचे काय झाले? घरांसाठी अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. २०१२, २०१६ आणि २०२० च्या सोडती जमेस धरल्या तरी घरांची बेरीज वीस हजारांच्या आतच राहते. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणीचा मार्ग दाखवला. ही स्थानके मुंबईपासून रेल्वेने सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहेत. त्याविरुद्ध कामगार आणि त्यांचे वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर एकत्र आले, ते योग्यच झाले.

परंतु दोष केवळ सरकारला देऊन चळवळीला मोकळे होता येणार नाही. भाडे गोठवण्याच्या कायद्याचे तिने निष्ठेने रक्षण केले, आणि बसलेल्या भाडेकरूसाठी ते आवश्यकही होते. पण गोठलेल्या भाड्यात इमारतीची दुरुस्ती कोण करणार, नवी भाड्याची घरे कोण बांधणार, हा प्रश्न तिने अर्धवट सोडला. ती पोकळी पागडीने भरली. शहरात नव्याने येणारा कष्टकरी कायद्याच्या बाहेर, झोपडपट्टीत राहिला. पुढे १९९५ नंतर ‘फुकट घर’ ही घोषणा आली, तेव्हा चळवळीची मागणीही हळूहळू ‘आणखी पन्नास फूट द्या’ एवढ्यावर आली. घर हा निवाऱ्याचा हक्क आहे, हे म्हणत असतानाच ते विकता येणारी मालमत्ता व्हावे यासाठीही ती भांडू लागली. दोन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. विक्रीला आलेले घर शेवटी अधिक पैसे असलेल्याकडेच जाते.

वेगळा मार्ग नाही असे नाही. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत कमाल जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन गोरेगावच्या दिंडोशीत हजारो कुटुंबांना बिल्डरविना घरे मिळवून दिली. १९७६ चा तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. व्हिएन्ना नगरपालिकेने १९२३ ते १९३४ या काळात मोठ्या घरांवर चढता कर बसवून साठ हजारांच्या आसपास घरे बांधली आणि भाड्याने दिली. त्या शहरात आजही निम्मे लोक पालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात. तेथील जमीन आणि घरे पालिकेने विकली नाहीत, यात त्याचे रहस्य आहे.

यातून निघणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत. सार्वजनिक मालकीची एक इंचही जमीन, मग ती गिरणीची असो वा बंदराची, विकली जाऊ नये. तिच्यावर मिळकतीच्या प्रमाणात भाडे असलेली घरे बांधावीत. गुंतवणूक म्हणून रिकाम्या ठेवलेल्या घरांवर जबर कर बसवून त्यासाठी पैसा उभारावा. पुनर्वसनाच्या घरांत राहणाऱ्यांचा देखभाल खर्च त्याच प्रकल्पाच्या नफ्यातून कायमचा भागवला जावा. ज्याला घर सोडायचे असेल त्याने ते बाजारात न नेता वाजवी मोबदला घेऊन सहकारी संस्थेकडे परत करावे. ही शेवटची मागणी वस्तीत ऐकायला कडू लागेल. ज्याला आयुष्यात प्रथमच लाखाची गोष्ट हाती लागली आहे, त्याला ती बाजारात नेऊ नकोस हे सांगायला धैर्य लागते. तरीही कार्यकर्त्यांनी पुनर्विकासाच्या प्रत्येक सभेत ती मांडली पाहिजे. क्षेत्रफळाची घासाघीस करायला दलाल पुरेसे आहेत. पंचवीस वर्षांनंतर या वस्तीत कष्टकऱ्यांची मुले राहतील की नाही, हे विचारणारे दुसरे कोणी तेथे असणार नाही.