‘अचानक आडवा आला’ म्हणण्याआधी

रस्ता ओलांडताना माणूस गाडीखाली गेला की बघ्यांच्या घोळक्यातून पहिले वाक्य ऐकू येते, ‘अचानक आडवा आला.’ ते चालक म्हणतो, त्याच्या शेजारचा म्हणतो आणि ज्याने काहीच पाहिलेले नाही असा पानाच्या टपरीवरचा माणूसही म्हणतो. पुढे हेच वाक्य जबाबात उतरते, उलटतपासणीत येते आणि कधी कधी निकालपत्रातही दिसते. ज्याच्याबद्दल ते बोलले जाते, तो उत्तर द्यायला उरलेला नसतो. तो पांढऱ्या पट्ट्यांवरून चालला होता का, सिग्नल कोणाचा होता, गाडी किती वेगात होती, हे त्याच्या वतीने सांगणारे कोणी उभे राहिले नाही, तर मेलेला माणूसच गुन्हेगार ठरतो.

या लेखातून मला तुमच्याशी याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. पादचाऱ्याचा जीव घेणाऱ्या चालकाला किरकोळ शिक्षा झाली की आपण न्यायाधीशांना दोष देतो. दोष देण्याजोगे निकाल आहेतच. पण शिक्षा किती होणार हे बऱ्याच अंशी निकालाच्या दिवसाच्या कितीतरी आधी, रस्त्यावर पहिल्या दोन-चार तासांत ठरून गेलेले असते. त्या तासांत तिथे न्यायाधीश नसतात, तुम्ही-आम्ही असतो.

आधी कायदा समजून घेऊ. भारतीय दंड संहितेत कलम ३०४-अ आले १८७० साली, म्हणजे मोटारगाडी जन्मायच्याही आधी. हयगयीने किंवा अविचाराने कोणाचा मृत्यू घडवला तर जास्तीत जास्त २ वर्षे कैद, किंवा नुसता दंड, किंवा दोन्ही. बैलगाडीच्या काळातला हा आकडा दीडशेहून अधिक वर्षे हलला नाही. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे चालक अनेकदा त्याच दिवशी घरी जातो आणि इकडे मृताचे नातेवाईक शवविच्छेदनगृहाबाहेर बसलेले असतात. २००९ साली विधी आयोगाने आपल्या २३४व्या अहवालात ही शिक्षा १० वर्षांपर्यंत वाढवा असे सांगितले. तेही कागदावरच राहिले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६(१) प्रमाणे आता कमाल शिक्षा ५ वर्षे आणि वर दंड. केवळ दंड भरून सुटायची पळवाट बंद झाली, हे चांगले झाले. पण किमान शिक्षा ठरवलेली नाही आणि गुन्हा अजूनही जामीनपात्रच आहे. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम १०६(२) संहितेत छापले गेले. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर चाके थांबवली आणि संहिता लागू करताना सरकारने ते उपकलम बाजूला ठेवले. शिवाय १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या प्रकरणांना जुनीच दोन वर्षांची मर्यादा लागू आहे. न्यायालयांत तुंबलेले असे खटले अजून बरीच वर्षे चालतील.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते. दिवसाला नव्वद माणसे. कोणी दूध आणायला निघालेले, कोणी शाळेतून घरी येणारे, कोणी शिफ्ट संपवून बसथांब्याकडे चाललेले.

आता वांद्र्याच्या कार्टर रोडची गोष्ट. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एका तरुणाने दारूच्या नशेत गाडी पदपथावर घातली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. हे लोक रस्ता ओलांडतही नव्हते, म्हणून ‘आडवा आला’ म्हणायला इथे जागाच नव्हती. तरी सत्र न्यायालयाने २००७ मध्ये कलम ३०४-अ खाली सहा महिन्यांची कैद आणि दंड एवढेच दिले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा सदोष मनुष्यवध मानून शिक्षा ३ वर्षांवर नेली. नशेत बेफाम गाडी हाकणाऱ्याला माणसे मरू शकतात याची जाणीव असते, मग हेतू नसला तरी ती जाणीवच त्याला बांधते, असा तो विचार होता. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. सात जिवांसाठी तीन वर्षे अपुरी आहेत, पण शिक्षा वाढवून मागणारे अपील सरकारने केलेलेच नाही, म्हणून आम्ही त्यात शिरत नाही, असेही न्यायालयाने नोंदवले.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. देशातले सर्वोच्च न्यायालय म्हणते की शिक्षा कमी आहे, आणि ती वाढत नाही, कारण कोणी मागितली नाही.

पंजाबातल्या एका खटल्यात तर दोन जणांच्या मृत्यूसाठी खालच्या न्यायालयाने दिलेली एक वर्षाची शिक्षा उच्च न्यायालयाने ‘भोगली तेवढी पुरे’ म्हणून २४ दिवसांवर आणली होती. तिथे मात्र राज्य सरकार वर गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि ३०४-अ च्या शिक्षेचा कायदेमंडळाने फेरविचार करावा असे सुचवले. सहा महिने पुरेसे होते असे मी म्हणणार नाही. पण अपील झाले म्हणून २४ दिवसांचे सहा महिने झाले.

अपील ही पुढची गोष्ट, आता त्या पहिल्या दोन-चार तासांकडे वळू. तुम्ही पट्ट्यांवर माणूस पडलेला पाहिलात, तर आधी १०८ ला फोन करा, ११२ ला कळवा. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. ‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल’ ही भीती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. कायद्याने ती काढून टाकली आहे, आपणही आता काढायला हवी.

मग फोन काढा, पण मृताचा चेहरा टिपण्यासाठी नाही. गाडीचा नंबर घ्या. गाडी कुठे थांबली आहे, पट्टे कुठे आहेत, टायरच्या खुणा किती लांबवर गेल्या आहेत, सिग्नल चालू आहे की बंद, रस्त्यावरचा दिवा पेटलेला आहे का, हे सगळे एका चित्रणात येऊ द्या. पुढे पंचनाम्यात काय आले आणि काय राहिले, हे तपासायचा तो एकमेव पुरावा असू शकतो. समोरच्या दुकानात किंवा सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा असेल तर दुकानदाराला, सचिवांना त्याच संध्याकाळी सांगा की आजचे चित्रण जपून ठेवा. काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते आणि मग कितीही मोठा वकील आला तरी ते परत मिळत नाही.

आणि चालकाला मारू नका. राग मलाही येतो. पण मार खाल्लेला चालक न्यायालयात ‘जमावाच्या भीतीने पळालो’ असे सांगतो आणि ते खरे वाटण्याची सोय आपणच करून दिलेली असते. त्याला थांबवून ठेवा, पोलीस येईपर्यंत तिथेच राहा आणि दारूचा संशय असेल तर वैद्यकीय तपासणी लगेच करा असा आग्रह धरा. रक्तातले अल्कोहोल तासागणिक उतरते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला आलिशान गाडीने दुचाकीवरच्या दोघा तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. अल्पवयीन चालकाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. लोक गप्प बसले नाहीत आणि तीन दिवसांत तो आदेश बदलला. एरवी चौकाचौकात मरणाऱ्यांसाठी मोर्चे निघत नाहीत. तिथे एक साक्षीदार मिळाला तरी फार होते.

साक्षीदाराबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण खटला इथेच मोडतो. आरोपपत्रात एक ठरलेले वाक्य असते, ‘ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’. वाक्य जोरकस आहे, पण न्यायालयाला ते सिद्ध करून हवे असते. ‘भरधाव होती’ एवढे म्हणून भागत नाही. बचावाचा वकील विचारतो, किती वेगात? तुम्ही कुठे उभे होतात? नजर कुठे होती? ज्याने त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवल्या, तो तीन वर्षांनीही ठाम उत्तर देतो: ‘पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा होता, बाई पट्ट्यांच्या मध्यावर पोहोचल्या होत्या, डावीकडची रिक्षा थांबली होती आणि ही गाडी न थांबता तिच्या बाजूने आली.’ असा एक साक्षीदार असला की ‘अचानक आडवा आला’ टिकत नाही. म्हणून घरी गेल्यावर तारीख, वेळ आणि पाहिलेले सगळे लिहून काढा. एक पान पुरते.

ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्याशी बोलताना मला संकोच वाटतो. दुःखात असलेल्यांनी कागद सांभाळावेत असे सांगणे क्रूर वाटते, तरी सांगतो. एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळायला हवी, ती घ्या. मृतक पट्ट्यांवर होता का, हे त्यात लिहिले आहे की नाही ते वाचा. नसेल तर तपासी अंमलदाराला लेखी द्या आणि पोच घ्या. नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती पीडिताला कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे, ती मागा. न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांच्या मदतीला आपला वकील देता येतो.

मग कोणीतरी घरी येईल. चालकाचा मामा, गावचा पुढारी, एखादा ओळखीचा वकील. तो म्हणेल, ‘गेलेला माणूस परत येणार नाही, पोरांचे बघा, थोडे पैसे घ्या आणि फार ताणू नका.’ त्यावेळी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतंत्र चालतो आणि गाडीचा विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते. तो तुमचा हक्क आहे. त्यासाठी फौजदारी खटल्यात तोंड बंद ठेवायची काहीच गरज नाही. मरणास कारणीभूत होण्याचा गुन्हा आपसात तडजोड करून मिटवण्याजोगा कायद्याने ठेवलेलाही नाही. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा, पुढे मुदतीवरून वाद नको. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृताच्या वारसांना केंद्र सरकारच्या योजनेतून २ लाख रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती मागायला हवी.

निकाल लागला, दोषी ठरला आणि शिक्षा अगदीच नगण्य झाली, तर? निर्दोष सुटका झाली, हलक्या कलमाखाली दोषी ठरवले किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडिताच्या कुटुंबाला स्वतः अपील करता येते. नुसती शिक्षा कमी झाली म्हणून मात्र ते करता येत नाही. तो अधिकार सरकारचा. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा असे आपल्या आमदार-खासदारांना सांगायला हवे. तोवर निकालाची प्रत हातात पडताच सरकारी वकील आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करा की शासनाने शिक्षावाढीसाठी अपील करावे. मुदत मोजकी असते, तेरावा-चौदावा उरकून मग बघू असे करू नका. कार्टर रोडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमके हेच अपील नव्हते.

मी फाशी मागत नाही, दहा-दहा वर्षांच्या कैदेनेच रस्ते सुधारतील असेही मला वाटत नाही. चालकाला ‘पकडला जाईन आणि आत जाईन’ याची खात्री हवी. २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की माणूस मारणाऱ्या बेफिकीर चालकाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडून देऊ नये, तुरुंग चुकत नाही हे प्रत्येक चालकाला ठाऊक असावे. आणि शिक्षेइतकाच महत्त्वाचा आहे परवाना. दोषी ठरलेल्याला गाडी चालवण्यास अपात्र ठरवायचा अधिकार न्यायालयाला मोटार वाहन कायद्याच्या कलम २० ने दिलेला आहे. ज्याने पट्ट्यांवर माणूस मारला, त्याच्या हातात महिनाभराने पुन्हा स्टिअरिंग का? हा प्रश्न सरकारी वकिलांनी प्रत्येक खटल्यात विचारावा, आणि ते विसरले तर कुटुंबाच्या वकिलाने आठवण करून द्यावी.

राहता राहिलो आपण, गाडी चालवणारे. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून जास्त जाते. पट्ट्यांवर म्हातारे माणूस दिसले, डोक्यात विचार आला, पाय ब्रेककडे गेला, तेवढ्यात ते सोळा मीटर संपलेले असतात. पट्ट्यांवर पादचाऱ्याचा हक्क आधी आहे, हा नियम आहे, आपली मेहेरबानी नव्हे. शेजारची गाडी पट्ट्यांपाशी थांबली असेल तर ती उगाच थांबलेली नाही, तिच्या आडून कोणीतरी येत आहे. तुम्हीही थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. आणि घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला किल्ली देणाऱ्यांनी कलम १९९-अ वाचावे. त्याच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे.

तुमच्यापैकी कोणी असा मृत्यू पाहिलेला असेल आणि एखाद्या दिवशी दारात समन्स घेऊन शिपाई उभा राहील. तारीख कामाच्या दिवशी असेल, न्यायालय दूर असेल, तिथे तासन् तास बसावे लागेल आणि कदाचित पुढची तारीख मिळेल. तरी जा. पुढच्या तारखेलाही जा.