पाना कुणाच्या हातात?

बाईने मोटार चालवणे आता कुणाला फारसे खटकत नाही. पण तिने बॉनेट उघडले की चार पुरुष सल्ला द्यायला गोळा होतात, आणि गॅरेजमध्ये ‘साहेबांना पाठवा’ हे आजही ऐकावे लागते. स्टिअरिंग हाती आले, पाना आलेला नाही. टॅक्सी चालवून मुलांचे पोट भरणाऱ्या बाईला हे अज्ञान दर बिलागणिक महाग पडते.

मैत्रिणींनो, स्पार्क प्लगचेच पाहा. पेट्रोल इंजिनात बहुधा दर सिलिंडरला एक प्लग असतो. त्याच्या ठिणगीने आतले पेट्रोल आणि हवा पेटते. (डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, तशा बिलाचे कारण जरूर विचारा.) प्लग खराब झाला की गाडी मिसिंग करते, पेट्रोल जास्त खाते.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना करायची. एका वेळी एकच प्लग. वरची कॉइल किंवा वायरची टोपी काढा, भोवतालची धूळ आधी झटका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. मग प्लग-पान्याने प्लग काढून टोक नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर तुंबला आहे का बघा. टोक तेलकट ओले असेल तर इंजिन ऑइल आत झिरपते आहे, नुसता प्लग बदलून भागणार नाही. पांढरे, फोड आल्यासारखे टोक ही अति तापल्याची खूण. नव्या प्लगची गॅप गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, साधारण १ मिलिमीटरच्या आसपास. प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. तिरका घुसवला तर हेडचे आटे जातात, आणि काही शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

यात ताकदीचे काम कुठे आहे? १८८८ साली बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मोटारीने मानहाइमहून शंभर किलोमीटरच्या पलीकडे फॉर्झहाइमला गेली. वाटेत तुंबलेली पेट्रोलची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, ठिणगीची उघडी पडलेली तार मोज्याच्या पट्ट्याने झाकली, असे सांगतात. त्या धंद्यात तिच्या हुंड्याचा पैसाही होता. नाव मात्र नवऱ्याचे झाले.

पुढच्या सर्व्हिसिंगला काढलेले जुने प्लग मागून घ्या. पैसे आपण भरतो, ते आपलेच असतात. टोक कसे दिसले आणि गॅरेजवाला काय म्हणाला, ते आम्हाला लिहून कळवा.