दहा राग आणि दोन घाईचे निकाल

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजविणारे चरणजितसिंग यांनी १९८२ साली जपानी बनावटीची तीन विद्युत्-वाद्ये हाताशी घेऊन भैरव, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस अशा दहा रागांची, डिस्कोच्या ठेक्यावरची जी ध्वनिमुद्रिका एचएमव्हीसाठी केली, तिच्या नशिबी आपल्याकडे निंदासुद्धा आली नाही. ती खपली नाही आणि विस्मृतीत गेली. पुढे वीस वर्षांनी दिल्लीच्या एका दुकानात ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० साली पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि शिकागोच्या नृत्यगृहांत १९८७ साली ज्या संगीताचा जन्म झाला असे सर्वमान्य होते त्याचे स्वरूप पाच वर्षे आधी मुंबईत सिद्ध झालेले पाहून युरोपातले समीक्षक थक्क झाले. कित्येकांना तर ती कोणाची तरी बनवाबनवी वाटली. सत्तरी गाठलेल्या चरणजितसिंगांना परदेशातून आमंत्रणे आली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

या सन्मानाचा मला मनापासून आनंद आहे. परंतु हा दुसरा निकालही पहिल्याइतकाच घाईने दिला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. वतनाच्या दाव्यात कोणाचा कागद जुना हे पाहून फैसला करतात, तसा कलाकृतीचा फैसला करता येत नाही. चरणजितसिंग पहिले होते, एवढ्याने त्यांनी ललित कसा वाजविला याचे उत्तर मिळत नाही, आणि तो प्रश्न विचारण्याचा अधिकार व जबाबदारी, दोन्ही आपली आहेत.

ही मुद्रिका लक्षपूर्वक ऐकावी. खालचा खर्ज धरणारे टीबी-३०३ हे यंत्र मुळात एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनविलेले; त्याच्या एका आवर्तनात सोळा पायऱ्या असतात, आणि तीनतालाच्या सोळा मात्रांचे संस्कार झालेल्या कानाला ती गणती परकी वाटत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे, पण त्या घसरणीचा काळ यंत्राने कायमचा ठरवून टाकलेला असल्यामुळे मींडेचा जो प्राण, म्हणजे वाटेत रेंगाळण्याची मुभा, तो तिथे नाही. ती उणीव वरची, हाताने वाजविलेली सुरावट भरून काढते. ललितातले दोन मध्यम एकमेकांना लागून येतात तेव्हा खालचे अविरत आवर्तन आणि वरचे सैलावलेले स्वर यांच्या संगतीने एक धूसर, सुखद गुंगी निर्माण होते. आजची तरुण मंडळी ज्या मंद, स्वप्निल विद्युत्-संगीतात तासन् तास रमतात, त्याचे मर्म मला या ठिकाणी उमगते. मेघमल्हारात मात्र ठेका रागाला श्वास घेऊ देत नाही. तिथे ही योजना फसली आहे.

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या बेटम्यात बसून हे लिहिताना मला राहून राहून वाटते की, अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा आणि त्यांचा मेघ ऐकून ज्या माळव्याचे कान घडले, त्या माळव्यातल्या मराठी रसिकांनी अशा संगीताची परीक्षा परक्यांवर का सोपवावी? वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून गायकीची पारख कशी करावी हे १९६१ सालीच दाखवून दिले आहे; ती कसोटी यंत्राच्या लयीला लावून पाहण्यास कोणाची मनाई नाही. इंदूरच्या आणि मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांनी संगीताच्या स्तंभात मैफिलींच्या वृत्तांताशेजारी अशा मुद्रिकांनाही जागा द्यावी, आणि त्या लिहिणाराने कोण पहिला हे सांगण्याआधी राग कुठे उभा राहिला आणि कुठे बसला हे सांगावे. आज आपापल्या खोलीत संगणकावर असे संगीत रचणाऱ्या मुलामुलींना अशी परखड दाद वेळेवर, ती ऐकायला ते हजर असताना, मिळाली पाहिजे.